आधी खोट शोधा, मग औषध द्या



गेल्या महिन्यात थोरल्या दादाचं वर्षश्राद्ध झालं. पुण्याहून मुलं-नातवंडं आली होती, म्हणून रात्री २०१३ साली काढलेला दादाचा व्हिडिओ लावला. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बांधलेल्या आपल्या बिरसीच्या धावपट्टीबद्दल घरात ऐकलेल्या गोष्टी तो त्यात सांगतो. पण कसचं काय! आवाजात टक्‌टक्, चित्राला मध्येच उचकी, आणि ओठ आधी हलणार, शब्द मागून येणार. सगळे गप्प बसले. मला तर दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

मग सल्ले सुरू झाले. मुलगा म्हणाला, "बाबा, फाइलच खराब झाली." दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटर बदला. आणखी एकाने सांगितलं, "मी साफ करून देतो, मूळ फाइल पुसून टाका, जागा वाचेल." तीन वैद्य, तीन औषधं, पण नाडी कुणीच पाहिली नाही!

मी आपला जुना मास्तर. उत्तरपत्रिका न वाचता गुण देणं मला जमत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीच पाच मिनिटं तीन वेळा ऐकली आणि कुठे अडखळलं ते मिनिट-सेकंदासह लिहिलं. खोट दर वेळी त्याच जागी आली तर ती बहुधा फाइलमध्ये, जागा बदलत राहिली तर वाजवणाऱ्या यंत्रात. माझी जागा दर वेळी बदलत होती. म्हणजे दादा शाबूत होता!

यामागचं कारण आपल्या भागातल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. पाऊस खंडला तरी धानाच्या बांधीला बोडीचं पाणी पुरतं. कॉम्प्युटरही थोडा आवाज असाच पुढचा साठवून ठेवतो, त्याला बफर म्हणतात. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात. कॉम्प्युटर दुसऱ्याच कामात गुंतला की बोडी आटते, आणि टक्‌ वाजतं. सेकंदाला २५ चित्रांतलं एखादं गळलं तर डोळा माफ करतो, कान मात्र लगेच पकडतो.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. मागे व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम चालू होता. त्याचं काम संपू दिलं, टक्‌टक् गेली. पेनड्राइव्हवरून न लावता फाइल कॉम्प्युटरवर उतरवून लावली, चित्राची उचकी गेली. ब्लूटूथचा स्पीकर काढून वायरचा लावला, तर शब्द ओठांवर आले. त्या स्पीकरला आवाज पोहोचायलाच किंचित उशीर लागतो. खर्च शून्य रुपये!

राहिली एकच जागा, सतराव्या मिनिटाला. तिथे दादाचा आवाज दर वेळी थांबे आणि मागे घरघर येई. ही मात्र फाइलचीच खोट, असं मी लिहूनही टाकलं. मग हेडफोन लावून, पडद्याकडे नीट बघत पुन्हा ऐकलं. दादा मान वर करून बघतोय. धावपट्टीवरून उठलेलं शिकाऊ वैमानिकांचं विमान डोक्यावरून जातंय. तो जाईपर्यंत थांबतो, खाकरतो, आणि "हां, तर काय सांगत होतो..." म्हणून पुढे बोलू लागतो.

ती घरघर आणि ती शांतता ‘साफ’ करून घेतली असती, मूळ फाइल पुसली असती, तर?

म्हणून म्हणतो मंडळी, घरातल्या माणसांचे आवाज दुरुस्तीला देण्याआधी स्वतः दोनदा ऐका. खोट कुणाची ते ठरवा. आणि काहीही करा, मूळ प्रत पुसू नका. मी आता दोन ठिकाणी ठेवली आहे.

असो. नातवंडांनी दुसऱ्या रात्री संपूर्ण व्हिडिओ पाहिला. विमान आलं तेव्हा धाकट्या नातीनेही मान वर केली.