लेकीचे नाव : पुण्णिका

सुजाता, यशोधरा, गौतमी ही नावे आता आपल्या घरोघरी आहेत. नामकरणासाठी वेगळे नाव शोधणाऱ्या भगिनींसाठी या वेळी एक क्वचितच ऐकू येणारे नाव : पुण्णिका.

पाली भाषेत 'पुण्ण' म्हणजे पूर्ण, काठोकाठ भरलेले. आपल्या आज्या जिला 'पुनव' म्हणत, तिच्यातही हाच शब्द आहे. पुष्कळांना हे नाव 'पुण्य' वरून आले असे वाटेल. पण पुण्याला पालीत 'पुञ्ञ' म्हणतात. तो शब्द निराळा.

पुण्णिका श्रावस्तीला अनाथपिंडिकाच्या घरी एका दासीच्या पोटी जन्मली. जुने पाली भाष्य सांगते की, तिच्या जन्माने त्या घरच्या दासांची संख्या शंभर पूर्ण झाली, म्हणून तिला हे नाव पडले. म्हणजे नाव लाडाने ठेवलेले नव्हते. ती मालकाच्या हिशेबातली मोजदाद होती.

तिचे काम पाणी भरण्याचे. मालकिणींच्या माराच्या व बोलण्याच्या धाकाने ती कडाक्याच्या थंडीतही नदीवर जाई. तिथे एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी कुडकुडत स्नान करताना तिला दिसला. तिने त्याला सरळ विचारले, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे, मगरी सगळे स्वर्गात जातील की! आणि नदी पाप वाहून नेते, तर पुण्यही वाहून नेणार नाही काय? ब्राह्मण निरुत्तर झाला. त्याने तिला वस्त्र देऊ केले, ते तिने घेतले नाही. 'वाईट कर्म सोडा, बुद्ध, धम्म, संघाला शरण जा,' असे तिने सांगितले. पुढे अनाथपिंडिकाने तिला दास्यमुक्त केले, ती भिक्खुणी झाली आणि अर्हतपदाला पोहोचली. थेरीगाथेत तिच्या सोळा गाथा आहेत.

शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असे मनुस्मृती सांगते. कचरू, दगडू, धोंडी अशी नावे आपल्या वाडवडिलांनी आयुष्यभर वागवली. मुलींच्या वाट्याला तर 'नकुशी' आले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशींची नावे समारंभाने बदलण्यात आली. पुण्णिकेने नाव बदलले नाही, त्याचा अर्थ बदलला. शंभरावी दासी म्हणून मिळालेले नाव आज पूर्णत्वाला पोहोचलेल्या स्त्रीचे नाव म्हणून उरले आहे.

भगिनींनो, हे नाव ठेवाल तर एक काळजी घ्या. जन्माच्या दाखल्यावर कोणी 'पुनिका' किंवा 'पुण्यिका' लिहील. 'ण' ला 'ण' जोडलेला आहे, हे तिथेच तपासून घ्या. घरी हाक मारायला 'पुण्णा' सोपे आहे. आणि लेक मोठी झाली की तिला ही नदीकाठची गोष्ट जरूर सांगा. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून खरे मानू नये, प्रश्न विचारावा, हे तिला आपल्या नावातूनच शिकता येईल.

जयभीम!