बातमीचा उगम आणि कंपनीचें गुपित

वृत्तपत्राच्या बातमीदारास कायद्याचें जें संरक्षण आहे, तें इंटरनेटवर स्वतंत्रपणें लिहिणारास असावें काय? आमच्या मतें असावें.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत हा प्रश्न कसास लागला. ॲपल कंपनीच्या, बाजारांत न आलेल्या एका ध्वनिमुद्रण-उपकरणाची माहिती २००४ सालीं इंटरनेटवर प्रसिद्ध झाली. ती कोणीं फोडली, हें शोधण्यासाठीं कंपनी न्यायालयांत गेली. २००५ सालीं खालच्या न्यायालयानें कंपनीस अनुकूल निर्णय दिला. परंतु २६ मे २००६ रोजीं अपील न्यायालयानें तो फिरविला. बातमी मिळवून लोकांपुढें मांडणारा तो बातमीदारच, असें त्यानें मानिलें. शिवाय कंपनीनें आपल्या नोकरांच्या शपथेवर जबान्या घेतल्या नव्हत्या, हेंही न्यायालयाच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

व्यापारी गुपित राखण्याचा कंपनीचा हक्क आम्हांस मान्य आहे. करार मोडणाऱ्या नोकरास तिनें अवश्य जाब विचारावा. परंतु आधीं स्वतःचें घर धुंडाळावें, मग लेखकाच्या दारीं जावें.

शेतकऱ्यास यांत काय, असें कोणी म्हणेल. बियाण्याचा वा कीटकनाशकाचा दोष उद्यां एखाद्या कंपनीच्या दप्तरांत दडला, तर तो उजेडांत आणणारा पगारी बातमीदारच असेल असें नाहीं. एखादा लिहितावाचता शेतकरीही असेल. आपल्याकडे १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यानें बातमीचा उगम न सांगण्याची मुभा दिली आहे. पण ती वृत्तपत्रें, वृत्तसंस्था, संपादक व पत्रकार यांना, आणि तीही कौन्सिलपुढील चौकशीपुरतीच. ही मर्यादा संसदेनें वाढवावी व लिहिणाराचें काम पाहून संरक्षण द्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.