पाठीचा घसारा

दिवाळीच्या सुट्टीत ग्वाल्हेरला मामांकडे गेलो होतो. मामा दाल बाजारात एका पेढीवर हिशेब लिहितात. तिथे दिवसभर धान्याची पोती चढत-उतरत असतात. आपल्याकडे मराठीत काय नि कानडीत काय, ‘हमाल’ हा एकच शब्द. तिकडे ‘पल्लेदार’ म्हणतात. ओझे मात्र तेच. एकाची कंबर धरली होती, तरी तो पोती वाहतच होता. विचारले तर म्हणाला, “डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितलीय. पण पोते उचलले तरच मजुरी.”

सगळी सूत्रे सरकारच्या हाती गेली की आरोग्यातील विषमता मिटेल, असे आपण वादविवाद स्पर्धेत हिरिरीने मांडतो. अनुभव निराळा आहे. सोव्हिएत संघात दवाखाने सरकारी, उपचार मोफत. तरी बड्या पदाधिकाऱ्यांसाठी वेगळी रुग्णालये होतीच. १९७८ साली ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा जाहीरनामा निघाला तो त्याच संघातल्या आल्मा-आता शहरातून! तिथे पैशाऐवजी हुद्दा पाहिला जाई, एवढेच.

आपण मिश्र अर्थव्यवस्था पत्करली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला उपचाराची हमी मिळाली. शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कमही त्याला मिळते. १९५४ पासून केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वेगळी आरोग्य योजना आली. दोन्ही चांगल्याच. पण ज्याचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर नाही, त्याचे काय? २०१८ च्या आयुष्मान योजनेत गरीब कुटुंबाला इस्पितळात दाखल झाल्यास वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. घरी पडून राहण्याच्या आठ दिवसांची मजुरी मात्र तीत नाही.

हे अशक्य आहे म्हणावे, तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायदा केला. मालक अनेक असले तरी हमालाची नोंद एका मंडळात होते आणि मजुरीवर मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून त्याच्या भविष्यनिर्वाह निधीची नि पगारी रजेची तरतूद होते. अंमलबजावणीत उणिवा असतील. पण वाट दाखवलेली आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्र झिजते म्हणून आम्ही दरवर्षी घसारा लिहितो. दाल बाजारातल्या मामांच्या वहीत पोत्यांची हमाली पैशापैशाने नोंदलेली मी पाहिली; ते वाहणाऱ्या पाठीच्या झिजेला रकाना नव्हता. अर्थव्यवस्था सरकारी असो वा खासगी, तो रकाना आधी आखला पाहिजे.