शीर्षकावर विसंबू नका

माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर दुकान, वॉर्प, बक्षिसं असं काहीही मांडायचं म्हटलं की आपण चेस्टची खिडकी उघडतो. खेळाडूला मॉड घालावं लागत नाही, मूळ क्लायंटवर सगळं चालतं. नऊ-नऊ स्लॉटच्या फार तर सहा ओळी, म्हणजे 54 स्लॉट. एवढ्याशा जागेत प्लगइनकारांनी अख्खी लिलावघरं बसवली, याचं मनापासून कौतुक वाटतं. म्हणूनच एक जुनी खोड अजून सुटत नाही, याची खंतही वाटते.

ती खोड म्हणजे मेन्यू शीर्षकावरून ओळखण्याची. समजा, अ‍ॅडमिन मेन्यूचं शीर्षक ‘नियंत्रण’ आहे आणि परवानगी फक्त मेन्यू उघडताना तपासली आहे. एखादा खेळाडू अ‍ॅन्व्हिलवर साध्या चेस्टला तेच नाव देतो, ती जमिनीवर ठेवून उघडतो, नेमक्या स्लॉटमध्ये नेमकी वस्तू टाकतो आणि क्लिक करतो. प्लगइनला मेन्यूच उघडल्यासारखं वाटतं आणि अ‍ॅडमिनची आज्ञा चालते. शीर्षकात रंग असेल तर त्याला हे इतकं सहज जमत नाही. पण तुलनेआधी रंग गाळणारा कोड आपल्यातले कितीतरी जण लिहितात.

उपाय सोपा आहे. इन्व्हेंटरीहोल्डर इंटरफेस राबवणारा स्वतःचा क्लास करा, इन्व्हेंटरी बनवताना तोच द्या आणि इव्हेंटमध्ये होल्डर त्या क्लासचा आहे का, एवढंच तपासा. पेपर सर्व्हरवर गेटहोल्डरला फॉल्स द्या, म्हणजे खऱ्या चेस्टवरच्या प्रत्येक क्लिकला ब्लॉकची विनाकारण नक्कल होणार नाही. परवानगी मात्र क्लिकच्या वेळीही तपासा.

दुसरी गोष्ट कॅन्सलची. मेन्यूत बटण म्हणून ठेवलेला हिरा खराच असतो. तो खेळाडूकडे गेला की गेला. वरच्या भागातला क्लिक अडवून काम भागत नाही. खालच्या स्वतःच्या वस्तूवर डबल-क्लिक केला, तर वरच्या तशाच वस्तू कर्सरवर गोळा होतात. शिफ्ट-क्लिकने खालची वस्तू वर जाते. ड्रॅगचा तर इव्हेंटच वेगळा. म्हणून मेन्यू आपला आहे हे कळताच क्लिक आणि ड्रॅग दोन्ही आधी सरसकट रद्द करा, मग काय करायचं ते ठरवा. क्लिकच्या हँडलरमध्ये दुसरा मेन्यू थेट उघडू नका; शेड्युलरने पुढच्या टिकवर टाका. एका टिकचे 50 मिलिसेकंद कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

2025 मध्ये 1.21.6 बरोबर डायलॉग आले, त्यामुळे मजकूर भरून घेण्यासाठी अ‍ॅन्व्हिलची खिडकी वापरायची गरज उरली नाही. पण वस्तूंची दुकानं चेस्टमध्येच राहतील, असं आमचं मत आहे.

वाचकांना विनंती आहे की पुढची आवृत्ती काढण्याआधी आपल्या कोडमध्ये गेटटायटल शोधा आणि मेन्यू ओळखण्यासाठी जिथे जिथे ते वापरलं असेल, तिथून काढून टाका. नंतर ओपी नसलेल्या खात्याने, नाव बदललेली चेस्ट घेऊन, स्वतःचाच मेन्यू फोडून पाहा.