डाकीण कोणाच्या नजरेतून?

'भुताच्या सिनेमात प्रतिनिधित्व कसलं शोधता?' हा सवाल सिनेमाची उत्तम जाण असलेली मंडळीही करतात. भूत काल्पनिक, त्याला ना जात ना जिल्हा. धुळे-जळगावात राहून हे मान्य करता येत नाही. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर आणि पुढे धडगाव-अक्कलकुव्यापर्यंतच्या सातपुड्यात डाकीण ठरते ती हाडामांसाची बाई. मूल दगावतं, गुरं मरतात, बडव्याकडे, म्हणजे भगताकडे, विचारणा होते आणि नाव निघतं, बहुधा एकट्या किंवा विधवा बाईचं. तिच्या वाट्याला जमिनीचा तुकडा असला तर भाऊबंदांचा संशय लवकर पक्का होतो. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी खून.

आता रामसे बंधूंचा 'वीराना' (1988) आठवा. ठाकुराच्या घरचा माणूस चेटकिणीला पकडतो, तिला फासावर चढवलं जातं आणि उरलेला सिनेमा ते योग्यच होतं हे पटवत राहतो. चेटकीण काल्पनिक असेल. तिला मारणाऱ्याकडे झुकलेला कॅमेरा काल्पनिक नाही.

दुसरी बाजूही पडद्यावर येऊन गेली आहे. फिलिपिन्सच्या जेरार्डो दे लिओन यांनी 1964 साली 'द ब्लड ड्रिंकर्स' केला. त्यातला रक्तपिपासू डॉ. मार्को टकला, काळ्या चष्म्यातला, पैसेवाला. प्रेयसीला जगवण्यासाठी त्याला गावातल्या मुलीचं, प्रेयसीच्याच जुळ्या बहिणीचं, काळीज हवं असतं. गरिबाचं रक्त कोण पितो, याचं उत्तर तिथे सरळ मिळतं. तरी दोन वर्षांनी याच दिग्दर्शकाने 'ब्लड ऑफ द व्हॅम्पायर्स'मध्ये श्रीमंत घराण्याचे नोकर चेहऱ्याला काळा रंग फासून उभे केले. मालकाच्या घरातला सैतान ज्याला दिसला, त्याला नोकराचा चेहरा दिसला नाही. मोठ्या दिग्दर्शकाचीही ही चूक चूकच. त्याच देशात 1950च्या दशकात अमेरिकी अधिकारी एडवर्ड लॅन्सडेल यांनी हुक या शेतकरी बंडखोरांविरुद्ध 'आस्वांग' या रक्तपिपासू भुताची अफवा वापरली. एका बंडखोराच्या मानेला दोन भोकं पाडून, रक्त काढून, प्रेत वाटेवर टाकल्याचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. भुताची भीती कोणाच्या हाती आहे, हे पाहावंच लागतं.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या मित्रांचा, आणि तो मी गांभीर्याने घेतो. या चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. आता डाकीण पडद्यावर आणून अंधश्रद्धेला खतपाणी कशाला? पण पडद्यावरून हटवल्याने ती गावातून हटलेली नाही. कायदा गुन्हा नोंदवतो. शेजारीण रात्रीतून वैरीण कशी होते, चांगली माणसं दगड कशी उचलतात, हे दाखवणं कथेचं काम आहे, आणि भयपटाला ते फार नेमकं जमतं. त्यात भीती वाटावी ती बाईची नव्हे, दाराशी जमलेल्या गावाची.

असा सिनेमा इथेच व्हावा. साधनांची सबब चालणार नाही; शेजारच्या मालेगावात शेख नासिर यांनी तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव का सुपरमॅन' उडवला. खानदेशात आज अहिराणी विनोदी व्हिडिओ उदंड निघतात. त्याच कॅमेऱ्यांनी सातपुड्यात जावं. संवाद पावरी-भिलीत असावेत, आदिवासी मुलीने ते लिहावेत, आणि पहिलं दृश्य त्या बाईच्या घराच्या आतून घ्यावं, बाहेर आवाज वाढत असताना.