राखाडीतले रंग

न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट इथे ६ मे १९३७ रोजी ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज पेटलं आणि ३६ माणसं गेली. सॅम शीअर यांनी टिपलेलं ते कृष्णधवल छायाचित्र झुरिकच्या योयाकिम कॉर्टिस आणि आद्रियान झोंडेरेगर यांनी स्टुडिओत, छोट्या प्रतिकृतीतून पुन्हा उभं केलं. २०१२पासून या जोडीने अशी कितीतरी गाजलेली छायाचित्रं घडवली. शेवटी ते कॅमेरा मुद्दाम मागे घेतात आणि अवतीभवतीची हत्यारं, दिवे, पसारा सगळं दिसू देतात. क्षणात बनलेली खोटी चित्रं रोज मोबाइलवर येत असताना हा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. म्हणून हा अंक अशा प्रतिकृतींवर.

यात रंगकामाला आम्ही जास्त पानं दिली आहेत. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. लाल वस्तू काळपट उमटे, निळं आकाश पांढरं पडे. त्यामुळे राखाडीवरून मूळ रंग ठरवायला पुरावे धुंडाळावे लागतात. काही कलावंत तर अख्खी प्रतिकृती राखाडीतच रंगवतात, सावल्यासुद्धा ब्रशने!

पण ज्या चित्रात माणसं मरताहेत, ते टेबलावर रचावं का? आम्हाला वाटतं, रचावं. रचणाऱ्याला प्रत्येक तपशिलापाशी थांबावंच लागतं. तुमचं मत वेगळं असेल तर सविस्तर कळवा. स्वतः असं काही घडवलं असेल, तर मूळ छायाचित्र आणि प्रतिकृतीचा फोटो दोन्ही पाठवा. निवडक कामं पुढच्या अंकात छापू.