पहिल्या महिन्याचा हिशेब

पैसे मोजून घेतलेली वस्तू पहिल्याच दिवशी दगा देऊ लागली, तर गिऱ्हाइकाने करायचे काय? मिक्सर असेल तर उचलून दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन ठेवता येतो. पण वस्तू हातात धरता येण्यासारखीच नसेल तर? या प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला जपानमधल्या एका व्हिडिओ गेमच्या हकिगतीत सापडले. वाचक म्हणतील, कारकुनाला या वयात हे कुठले खूळ! खूळ नव्हे. आज घराघरांत मुलांच्या हाती मोबाईल आहे. मुले गेम मागतात, गेमसाठी पैसे मागतात आणि आपण एक तर खेकसतो, नाही तर गपगुमान देऊन टाकतो. त्या धंद्यात पैसा कसा फिरतो हे आईबापांनी समजून घेतले पाहिजे, म्हणून हा विषय घेतला.

गेमचे नाव ‘फायनल फँटसी’. १९८७ साली पहिला भाग निघाला आणि पुढे ही जपानमधली घरोघरी माहीत असलेली मालिका झाली. राजे, जादू, राक्षस, उडती जहाजे अशी काल्पनिक दुनिया आणि आपण त्यातले एक पात्र व्हायचे. पात्राने लढायचे, कामधंदा शिकायचा, हळूहळू मोठे व्हायचे. चौदावा भाग मात्र वेगळा होता. तो एकट्याने घरात बसून खेळायचा नव्हता. इंटरनेटवरून हजारो माणसे एकाच वेळी त्या दुनियेत, म्हणजे ‘इओर्झिया’ नावाच्या देशात, उतरणार होती. टोकियोच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने तो ३० सप्टेंबर २०१० रोजी बाजारात आणला.

पहिल्या आठवड्यातच बोंब झाली. चित्रे सुंदर आहेत हे सगळ्यांनी मान्य केले. पण लोक चित्रे पाहायला आले नव्हते, खेळायला आले होते. पिशवीतली एखादी वस्तू काढायची तर चार-पाच ठिकाणी दाबत बसा. माउस हलवला तर पडद्यावरचा बाण मागून रखडत येई. रानात चालायला लागले की तेच वळण, तीच टेकडी, पुन्हा तेच वळण! आणि बाजार तर विचारू नका. खेळाडूंनी माल विकण्यासाठी आपापले नोकर एका मोठ्या दालनात उभे करायचे आणि घेणाऱ्याने एकेका नोकरापाशी जाऊन त्याची झोळी तपासायची. कोणाकडे काय आहे हे शोधण्याची सोय सुरुवातीला नव्हतीच. आठवड्याच्या बाजारात सगळ्या पोत्यांची तोंडे शिवून ठेवावीत आणि गिऱ्हाइकाला म्हणावे, शोध तुझे कांदे, अशातली गत.

सगळ्यांत जास्त राग होता तो ‘थकव्या’च्या नियमाचा. एका आठवड्यात एका कौशल्यावर साधारण आठ तास खेळलात तर मेहनतीचे पूर्ण गुण मिळणार. त्यापुढचे सात तास गुण घटत जाणार. मग शून्य! कंपनीचे म्हणणे असे की, ज्याला थोडाच वेळ मिळतो तो फार मागे पडू नये. हेतू वाईट नव्हता हे आम्हीही म्हणू. नोकरी करणाऱ्या माणसाला दिवसभर बसून खेळणाऱ्याची बरोबरी कुठून जमणार? पण दाम पूर्ण घ्यायचे आणि कामाचे मोल मात्र पंधराव्या तासाला शून्य करायचे, हा व्यवहार कोणाला पटेल? लक्षात घ्या, या नियमावर ओरड झाली ती गेम बाजारात येण्याच्या आधी, ऑगस्ट २०१० मध्ये. चाचणीसाठी ज्यांना खेळायला दिले होते त्यांनी सावध केले होते. तरी माल ठरल्या दिवशी दुकानात गेला. नियम पुढे काढून टाकावा लागला, पण तो पुढे.

जपानी खेळाडूंचे आणखी एक दुखणे होते. या मालिकेत ‘चोकोबो’ नावाचा पिवळा पक्षी आहे. त्यावर बसून फिरतात. १९८८ पासून पोरासोरांच्या तोंडी असलेले हे नाव. नव्या गेममध्ये त्या नावाच्या जागी ‘घोडापक्षी’ अशा अर्थाची अक्षरे आली. बाहेरच्याला ही बाब क्षुल्लक वाटेल. पण घरातल्या माणसाला कोणी परक्या नावाने हाक मारली की कसे लागते, ते आपल्याला सांगायला नको. लोक म्हणाले, ज्यांनी हे बनवले त्यांना आमची काही ओळखच नाही. कंपनीने मुकाट्याने जुने नाव परत आणले.

आता आमच्या बी.कॉम.च्या विद्येचा भाग. नेहमीचा गेम एकदा विकला की विकला. पहिल्या दिवशी पैसा गल्ल्यात जातो. मग गिऱ्हाइकाने कितीही बोंबा मारल्या तरी जमेची बाजू हलत नाही. या गेमचे तसे नव्हते. डब्याची किंमत एकदा, आणि खेळत राहायचे तर दर महिन्याला वर्गणी. पहिले तीस दिवस मोफत. म्हणजे खरा धंदा दुसऱ्या महिन्यापासून सुरू होणार होता आणि दुसऱ्या महिन्याचा पैसा अजून गिऱ्हाइकाच्याच खिशात होता! पहिल्या महिन्यातल्या बोलण्याला वजन आले ते यामुळे. गेम परीक्षणांच्या सरासरीत त्याला शंभरपैकी पन्नासही गुण पडले नाहीत ही नामुष्की खरीच, पण नामुष्कीने कंपन्या मरत नाहीत. वर्गणी थांबली की जाग्या होतात.

झालेही तसेच. मोफत मुदत संपत आली तशी वाढवली, पुन्हा वाढवली. १० डिसेंबर २०१० रोजी कंपनीचे अध्यक्ष योइची वादा यांनी खेळाडूंची जाहीर माफी मागितली. गेम चालवणारी वरची माणसे बदलली आणि गेम ठीक होईपर्यंत वर्गणी घेणार नाही असे सांगितले. प्लेस्टेशन ३ वरची आवृत्ती पुढे ढकलली. पुढच्या वर्षी त्यांनी असेही कबूल केले की, या प्रकाराने ‘फायनल फँटसी’च्या नावाला मोठा धक्का बसला. वर्गणी पुन्हा सुरू झाली ती जानेवारी २०१२ मध्ये. हिशेब करा, सुमारे पंधरा महिने उत्पन्न नाही आणि खर्च मात्र चालू.

नवा प्रमुख नेमला तो नाओकी योशिदा. या गृहस्थाने पुढे २०१४ साली सॅनफ्रान्सिस्को येथे झालेल्या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत कंपनीच्या चुका उघडपणे मांडल्या. चित्रांचा नको इतका सोस. या जातीचे दुसऱ्यांचे खेळ आपल्या माणसांनी नीट खेळूनच पाहिलेले नाहीत. आणि तिसरी चूक, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते: काहीही बिघडले तरी नंतर दुरुस्ती पाठवून भागवता येईल ही समजूत. पहिल्या चुकीचा त्यांनी दिलेला दाखला मजेशीर आहे. गेममधली एक फुलाची कुंडी घडवताना जितका बारकावा ओतला होता, तितकाच एका जिवंत खेळाडूच्या पात्राला दिला होता! कुंड्यांनीच सगळी ताकद खाल्ल्यावर माणसे किती मावणार? पडद्यावर एका वेळी फार माणसे दाखवता येत नव्हती, ती अशा कारणांनी.

योशिदांनी काय केले? खेळाडूंकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. नेमाने पत्रे लिहून काय दुरुस्त होणार, कशाला वेळ लागणार, हे सांगत गेले. मोडका गेम दुरुस्त करत चालू ठेवायचा आणि त्याच वेळी त्याच्या जागी पूर्ण नवा बांधायचा, अशी दोन कामे अंगावर घेतली. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘भिकार आहे’ एवढेच म्हणून निघून गेलेले पुष्कळ होते, आणि त्यांचा तो हक्कच होता. पण दुरुस्तीला खरी मदत झाली ती ‘बाजारात शोधायची सोय नाही’, ‘बाण मागे राहतो’ असे नेमके बोट ठेवणाऱ्यांची. ऑफिसात आम्ही रोज तक्रार अर्ज पाहतो. ‘कारभार बरोबर नाही’ या अर्जाचे पुढे काय होते आणि ‘अमुक तारखेची अमुक पावती मिळाली नाही’ या अर्जाचे काय होते, हे कोणत्याही कारकुनाला विचारा!

जुना गेम ११ नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला, तोही गोष्टीतूनच. आकाशातला एक लाल चंद्र महिनोन्‌महिने खाली येताना दिसत होता. शेवटच्या दिवशी तो फुटला आणि आतून निघालेल्या महासर्पाने इओर्झिया जाळून टाकली. इतक्या शिव्या खाल्लेल्या गेमला निरोप द्यायलाही लोक जमले होते, हे विशेष. पडत्या काळात किमान नव्वद दिवसांची वर्गणी भरून टिकून राहिलेल्यांना कंपनी विसरली नाही. अमेरिकेत इतरांना महिना १४ डॉलर ९९ सेंट, तर त्यांना कायमचा ९ डॉलर ९९ सेंट असा दर लावला आणि नव्या गेमच्या नामावलीत त्यांची नावे घातली.

नवा गेम २७ ऑगस्ट २०१३ रोजी आला. या वेळी पहिली तक्रार उलटी होती: आत शिरताच येत नाही! गर्दी इतकी झाली की इंटरनेटवरून होणारी विक्री कंपनीला काही काळ थांबवावी लागली. २०२१ साली नोंदणी केलेल्यांचा आकडा दोन कोटी चाळीस लाखांवर गेल्याचे कंपनीने सांगितले. नोंदणी म्हणजे वर्गणीदार नव्हेत, फुकट चाखून गेलेलेही त्यात आले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या घरांत महिन्याच्या वर्गणीचे गेम क्वचितच. आपल्याकडे मोबाईलवरचा फुकट गेम आणि आतमध्ये पन्नास-शंभराच्या खरेद्या. तिथे पैसा आधीच गेलेला असतो. तरी एवढे माहीत असू द्या की, गूगलच्या दुकानातून झालेल्या खरेदीबद्दल अठ्ठेचाळीस तासांच्या आत परताव्याची मागणी करता येते. कॉम्प्युटरवरच्या ‘स्टीम’ नावाच्या दुकानाने २०१५ पासून नियम केला आहे: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मुलाने गेम घेतला की पहिल्या दोन तासांत त्याच्याजवळ बसा आणि विचारा, बाळा, बरा आहे का रे? पोरगा खरे सांगतो.

डिसेंबर २०२१ मध्ये याच गेमचा पुढचा भाग आला तेव्हा पुन्हा रांगा लागल्या. वर्गणी भरून लोक तासन्‌तास बाहेर ताटकळले. कंपनीने आधी सात दिवस मोफत दिले, मग आणखी चौदा. सणासुदीचा हंगाम असूनही नव्या गिऱ्हाइकांना विक्री बंद ठेवली. ती पुन्हा सुरू झाली २५ जानेवारी २०२२ रोजी.